मित्रांना आपला ठावठिकाणा कायमचा दाखवत राहावा का?

वाटसरू :
आमच्या जुन्या मित्रमंडळात आम्ही आठ जण आहोत. सर्वांनी फोनवरून एकमेकांना आपले लोकेशन कायमचे दाखवत राहावे, असे मध्यंतरी ठरले. सात जणांनी लगेच होकार दिला आणि मी नकार दिला. त्यानंतर जी कुरबुर सुरू झाली ती अजून थांबलेली नाही, म्हणून माझे म्हणणे इथे सविस्तर मांडतो.

लोकेशन दाखवण्यालाच माझा विरोध आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. कोणाला भेटायला निघालो असताना, किंवा अनोळखी रस्त्याने रात्री परतत असताना, मीही ते दाखवतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०१७ मध्ये लाइव्ह लोकेशन आणले तेव्हा १५ मिनिटे, १ तास आणि ८ तास अशा मुदती ठेवल्या. मुदत संपली की दाखवणे आपोआप बंद होते, आणि पुन्हा दाखवायचे की नाही याचा निर्णय पुन्हा आपल्याच हाती येतो. माझा आक्षेप आहे तो ज्याला मुदतच नाही अशा दाखवण्याला. २००९ च्या सुमारास फोरस्क्वेअर या अ‍ॅपमुळे चेक-इन करण्याची, म्हणजे आपण कोठे आलो आहोत हे मित्रांना कळवण्याची, टूम निघाली, तेव्हा कोणते ठिकाण जाहीर करायचे हे निदान माणूस स्वतः ठरवत असे, मग त्यात मिरवण्याचा भाग कितीही असो. कायमच्या लोकेशनमध्ये हे ठरवणेच उरत नाही. आपण दवाखान्यात आहोत, कोणाच्या घरी आहोत की नुसतेच एकटे बसलो आहोत, हे सर्व नकाशावरचा ठिपका सारख्याच निर्विकारपणे सांगत राहतो. मैत्रीत एकमेकांना पुष्कळ सांगावे, पण ते सांगितलेले असावे.

सावली :
आपला मुद्दा समजला, पण तो ज्याला मुदत घालण्याची सवड मिळते अशा माणसाचा आहे. मी एकटी राहते आणि कामावरून परतायला मला बहुधा उशीर होतो. माझ्या तीन मैत्रिणींना माझे लोकेशन दोन वर्षांपासून दिसते आणि मला त्यांचे. अडचण सांगून येत नाही. ज्या क्षणी ती येते त्या क्षणी फोन उघडून, नाव निवडून, मुदत ठरवण्याइतके भान आणि तितका वेळ आपल्यापाशी असेल, हे आपण गृहीत कसे धरता? शिवाय 'पोहोचलीस का?', 'निघालीस का?' हे रोजचे प्रश्न पूर्णपणे बंद झाले. आपण ज्याला पाळत म्हणाल, त्यानेच माझ्यामागचा प्रश्नांचा ससेमिरा थांबवला आहे.

रोखठोक :
ज्याला काही लपवायचे नाही त्याने इतके घाबरावे कशाला?

अणुरेणू :
रोखठोक, घाबरण्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. तो ठिपका खरा किती असतो, हे आधी पाहावे लागेल. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनला उपग्रहांच्या आधारे साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा कळते. इमारतीत शिरल्यावर मात्र फोन आसपासच्या वाय-फायवरून आणि मोबाइलच्या मनोऱ्यांवरून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज शेजारच्या इमारतीत किंवा पलीकडच्या रस्त्यावरही जाऊन बसतो. बॅटरी वाचवण्याची सेटिंग चालू असेल, किंवा रेंज गेली असेल, तर समोरच्याला जुनीच जागा दिसत राहते. म्हणजे सावली यांच्या मैत्रिणींना मिळणारा दिलासा आणि एखाद्याला येणारा संशय, दोन्हींचा आधार तितकाच डळमळीत आहे.

दुसरे असे की, दाखवतो ते मित्राला, पण वाटेत आणखी कोणीतरी असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे लाइव्ह लोकेशन दोन्ही टोकांच्या मधे कूटबद्ध असते, म्हणजे वाटेत ते कोणाला वाचता येत नाही. प्रत्येक सेवेबद्दल असे म्हणता येत नाही. नावे काढून टाकलेल्या नोंदी निरुपद्रवी असतात, हेही खरे नाही. सुमारे १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदींचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, माणूस केव्हा कोठे होता याच्या चारच नोंदी हाती असल्या, तरी ९५ टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे ओळखता येतात.

मनमोकळी :
या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. एकटा ठिपका फारसे काही सांगत नाही. जे काही सांगतात ते शेजारी-शेजारी आलेले ठिपके. आमच्या गटात सर्वांचे लोकेशन सर्वांना दिसत असे. एका सुट्टीच्या दिवशी मी सहज नकाशा उघडला, तर आमच्यापैकी पाच जण एकाच घरात होते आणि मला त्याची कल्पनाही नव्हती. कारण अगदी साधे होते : कोणाला तरी सामान हलवायला मदत हवी होती आणि माझी पाठ दुखत असल्याने मला मुद्दाम विचारले नव्हते. पण ते कारण मला दोन दिवसांनी कळले, आणि ते दोन दिवस मी ज्या मनःस्थितीत काढले ती आठवली की आजही स्वतःचीच लाज वाटते. पूर्वी अशा गोष्टी न कळल्यामुळेच मैत्र्या टिकत असाव्यात, असे मला हल्ली प्रामाणिकपणे वाटते. रोखठोक यांना इतकेच सांगेन की, लपवण्यासारखे त्या पाच जणांपाशीही काही नव्हते.

रोखठोक :
हा दोष लोकेशनचा नाही, मनाचा आहे. आपण सरळ फोन करून विचारायला हवे होते.

मनमोकळी :
विचारले असते, तर 'तू आमच्यावर लक्ष ठेवतेस का?' हा प्रतिप्रश्न ठरलेला होता. सर्वांना सर्व दिसते, पण पाहिले असे कोणी म्हणायचे नसते. असा हा विचित्र शिष्टाचार आहे.

वाटसरू :
सावली यांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे, आणि मुदतीचा आग्रह सरसकट धरण्यात मी घाई केली हेही कबूल करतो. तरीही आपल्या तीन मैत्रिणी आपण स्वतः निवडल्या आहेत. माझ्या मंडळाने बहुमताने निर्णय घेतला. समाजमाध्यमांवर तर 'मित्र' या यादीत शेकडो नावे असतात, आणि त्या सर्वांना एका बोटाने परवानगी देता येते. स्नॅपचॅटने २०१७ मध्ये मित्रांचा नकाशा आणला तेव्हा अदृश्य राहण्याची सोयही दिली होती, हे खरे. पण कालपर्यंत दिसणारा माणूस आज अदृश्य झाला, तर ते अदृश्य होणे हीच एक बातमी ठरते. म्हणून सावली यांना एकच विचारतो : या दोन वर्षांत आपण एखाद्या दिवशी लोकेशन बंद केले आहे का?

सावली :
एकदा केले होते. दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीला गेले होते, आणि त्या तिघींपैकी एक माझ्याच कार्यालयात काम करते. दहा मिनिटांत तिचा फोन आला. आवाजात काळजी होती, म्हणून रागावताही येईना. मी फोनची बॅटरी संपत आली आहे असे सांगितले. आमच्यातले ते माझे पहिले खोटे. लोकेशन मी त्याच संध्याकाळी पुन्हा चालू केले आणि ते आजही चालू आहे, कारण रात्रीचा रस्ता बदललेला नाही. नोकरी मात्र अजून तिला सांगितलेली नाही.