मदत हवी आहे: ताकद असून भिंतीवर अर्ध्यातच हात का फुगायलेत?

नमस्कार मंडळी, मी छत्रपती संभाजीनगरहून लिहितोय. वय ३३, शाळेत पीटी शिकवतो, लहानपणापासून मल्लखांब केलेला, पुरलेला अन् दोरीचा दोन्ही. सात महिने झाले कृत्रिम भिंतीवर क्लायंबिंग करायलो आणि एक गोष्ट काही केल्या कळंना म्हणून धागा काढतोय.

पुलअप्स माझे एका दमात पंधरा होतात. तरी भिंत जरा अंगावर आलेली असली की सात-आठ होल्डनंतर (भिंतीवर बसवलेल्या धरायच्या खुंट्या) कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखा होतो, बोटं आपोआप उघडायला लागतात अन् मी दोरीवर लटकतो. आमच्यासोबत कॉलेजची एक पोरगी असते, बीडकडची, पाच वर्षं चढतेय. तिचे पुलअप्स चारच्या वर जात नाहीत. पण तोच रूट, म्हणजे चढायची ठरलेली वाट, ती गप्प चढून जाते, बुटाचासुद्धा आवाज येत नाही.

परवा मी खाली बसून नुसते तिचे पाय बघितले. बुटाचं टोक होल्डच्या कडेवर एकदाच टेकतं आणि टेकल्यावर हलत नाही. माझा पाय दोन-तीनदा खरडतो, मग बसतो, अन् तेवढा वेळ सगळं वजन हातावर. हात वर टाकायच्या आधी ती कंबर भिंतीला लावून बाजूला सरकवते, मग हात आपसूक पोचतो. माझं म्हणजे आधी हात, मग जोर लावून ओढायचं, मग पाय जिथं मिळेल तिथं.

चढायच्या आधी ती दोन-तीन मिनिटं खाली उभी राहून हवेत हात हलवत असते. मी विचारलं काय करायलीस, तर म्हणाली, "सर, तो पिवळा डाव्या हातानं घेतला तर पुढं हात अडकतात, म्हणून खालीच बदलून घ्यायचे." मी तोच पिवळा होल्ड बघत होतो आणि मला फक्त तो मोठा आहे एवढंच दिसत होतं!

मल्लखांबाची सवयच आडवी येतेय का? तिथं एरंडेल लावलेलं लाकूड, अढी घातली की आवळायचं, पकड सैल पडली की घसरलोच. आणि खांब रोज तोच. त्यामुळं स्पीड क्लायंबिंग मला समजतं, जगभर तीच १५ मीटरची भिंत, तेच होल्ड, घोटून घोटून बसवता येतं, पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये अमेरिकेच्या सॅम वॉटसननं ती ४.७४ सेकंदात मारली. पण लीडच्या (दोर सोबत नेत जमेल तितकं वर चढायच्या) स्पर्धेत रूट नवाच असतो, खालून ६ मिनिटं बघायला देतात अन् मग चढायचं. ते बघणं शिकायचं कसं? आणि दिवाळीनंतर अजिंठ्याच्या डोंगररांगेत खऱ्या कातळावर जायचा विचार आहे, तिथं हे चालतं का?

प्रतिसाद (कातळवाट):

सर, तुम्ही पाय बघितले तिथंच अर्धं उत्तर आहे. २०१० साली इटलीतल्या संशोधकांचा एक प्रयोग आला होता, चढणाऱ्यांना रूट दाखवायचे आणि मग होल्ड आठवायला लावायचे. सोप्या रूटला नवखे अन् मुरलेले सारखेच, कुणालाच न जमणाऱ्या रूटलाही सारखेच. अवघड पण जमण्याजोगा रूट आला की मुरलेल्यांना जास्त आठवायचं, कारण बघता बघताच ते मनात चढलेले असतात. स्मरणशक्ती जास्त असती तर तिन्हीकडं पुढं राहिले असते ना!

हात फुगतो तो आवळल्यामुळं. स्नायू गच्च आवळला की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त फिरत नाही. महिनाभर फक्त सोपे रूट करा, हात सरळ ठेवून, बुटाचा आवाज न करता, आणि आपण पडणार नाही इतपतच होल्ड धरा, बोटं किती सैल सोडता येतात ते बघत जा. चढलेला रूट उतरूनही या, उतरताना पायाकडं बघावंच लागतं. आणि रूट बघून झाला की भिंतीकडं पाठ करून उभं राहा आणि कोणता हात कुठं, कोणता पाय कुठं ते मोठ्यानं सांगा. मग चढा अन् कुठं चुकलं ते बघा.

कातळावर रंग नसतात हो. आपला बेसॉल्ट थराथरांचा, कपारी बऱ्याचदा आडव्या, बघायला झकास, पण सुटे दगड लई. धरायच्या आधी ठोकून बघा, पोकळ वाजला तर सोडून द्या. हेल्मेट पाहिजेच, अन् जाणता माणूस सोबत असल्याशिवाय नको. देवगिरी, लेण्या हे सगळं संरक्षित आहे, तिथल्या कातळाला हात लावायचा नाही.

धागाकर्ता:

मनापासून धन्यवाद दादा. आज पाठ करून उभा राहिलो, ती पोरगी भिंतीकडं बघून तपासत होती. हाताचे नऊच्या नऊ होल्ड बरोबर सांगितले. मग ती म्हणाली, "आता पाय सांगा सर," तर एकही सांगता आला नाही. उद्यापासून आधी पायाचे सांगायचे का मग?