एकट्या स्त्रीचे घर: देणगीने की हक्काने?

कृष्णाकाठ: "दात्यांनी महिलाश्रमांना सढळ हाताने दिले, की एकट्या स्त्रियांच्या घराचा प्रश्न सुटेल," हे कालच्या लेखातले वाक्य वाचून राहवले नाही. माझी आत्या सासर सुटल्यावर देणगीवर चालणाऱ्या एका आश्रमात तीन वर्षे होती. तिथे जेवण मिळे, शिवण शिकवीत, कुणी वाकडा शब्द बोलत नसे. तरीही खाटेखालची तिची पत्र्याची ट्रंक कायम भरलेलीच असायची, कारण मुदत संपली की खाट दुसरीला द्यावी लागणार, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते. याला घर म्हणत नाहीत.

हिंगणेकर: तो आश्रम नसता तर त्या कुठे गेल्या असत्या? पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये अमेरिकेतून आलेल्या देणग्यांवर उभे राहिले. कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रमही लोकांकडे मागूनच चालला. केशवपन झालेल्या मुलींना माहेरही थारा देत नव्हते, तेव्हा दानानेच दार उघडले. त्या दानाला नावे ठेवलेली मला सहन होत नाहीत.

माहेरवाशीण: माहेर थारा का देत नाही, यावर बोला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. माझ्याकडून मात्र वडिलांच्या तेराव्यानंतर आठवड्याभरात हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली. निबंधक कार्यालयाच्या पायरीवर वहिनीने हातात साडी ठेवली, आणि चार वर्षांनी नवरा गेला तेव्हा त्याच घरात मी पाहुणी ठरले.

बागायतदार: भावांना सरसकट लुटारू ठरवणे थांबवा! दीड एकराचे चार तुकडे झाले तर त्यात कुणाचेच पोट भरणार नाही. बहिणींच्या लग्नांचे कर्ज मी अकरा वर्षे फेडले आणि आईचे दुखणेही मीच काढले.

माहेरवाशीण: लग्नात मांडव मोठा घाला, असे आम्ही सांगितले नव्हते. आईचे दुखणे काढलेत, हे मान्य करते. माझ्या भावाने तेवढेही केले नाही.

हिंगणेकर: हे विषयांतर आहे, असे लिहिणार होतो, पण ते तसे नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम १७ स्त्रीला सामायिक घरात, म्हणजे कुटुंबात ती जिथे राहत आली त्या घरात, राहू देते, आणि ते घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी हा हक्क मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. ती मालकी नव्हे, हे कबूल. पण दावा चालू असताना तिने राहायचे कुठे?

कृष्णाकाठ: मग दात्यांनी वकिलाची फी भरावी आणि खाटेची मुदत निकालापर्यंत ठेवावी. एवढे केले तर माझा आक्षेप मागे घेते.

बागायतदार: धाकट्या बहिणीची सही अजून व्हायची आहे, कागद तयार आहे. तिला आधी विचारेन. मात्र विहिरीचे कर्ज वाटून कोण घेणार, याचे उत्तर इथे कुणीही दिलेले नाही.