‘पर्यायी मजकूर’, ‘चित्रवर्णन’ आणि ‘चित्रओळ’

प्रश्न : ज्यांना पडद्यावरचे चित्र दिसत नाही अशा वाचकांसाठी ई-पुस्तकात प्रत्येक चित्राला जोडून जो मजकूर लिहिला जातो, त्यासाठी ‘प्रतिमावर्णन’, ‘चित्रवर्णन’ आणि ‘पर्यायी मजकूर’ असे तीन शब्द माझ्या वाचनात आले. ते समानार्थी समजावेत का? शिवाय अशा पुस्तकाला ‘सुलभ’ म्हणावे, ‘सुगम’ की ‘सुगम्य’?

उत्तर : तिघांपैकी ‘प्रतिमावर्णन’ मी प्रथम बाजूला ठेवीन. मराठीत ‘प्रतिमा’ म्हटले की देवाची मूर्ती, डागाळलेली किंवा उजळलेली लोकांतली प्रतिमा, नाहीतर कवितेतली प्रतिमासृष्टी आठवते. छायाचित्र, रेखाचित्र, व्यंगचित्र या सर्वांना पोटात घेणारा ‘चित्र’ हा शब्द घरचाच असताना दुसरा शोधण्याचे कारण दिसत नाही.

उरलेले दोन शब्द मात्र समानार्थी नाहीत, आणि त्यांच्यातला फरक लिहिणाऱ्याला रोज उपयोगी पडणारा आहे. ‘वर्णन’ म्हणजे जे दिसते ते सांगणे; ‘पर्याय’ म्हणजे एकाच्या जागी दुसरे ठेवले तरी काम अडू नये असे काही. परिच्छेदाच्या कडेला पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह असेल, तर ‘पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह’ हे निर्दोष वर्णन झाले, परंतु पर्याय आहे ‘सावधान’. हृदयाचा उभा छेद मुखपृष्ठावर असेल तर ‘मानवी हृदयाची आकृती’ एवढे पुरते. तीच आकृती रक्ताभिसरणाच्या प्रकरणात आली, की चार कप्पे, झडपा आणि रक्ताची दिशा सांगितल्यावाचून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. वेबपाने ज्या संगणकीय खुणांनी लिहितात त्या एचटीएमएलच्या ४.० आवृत्तीत १९९७ साली चित्राच्या खुणेसोबत ‘ऑल्ट’ (alt, म्हणजे ‘alternate’, पर्यायी) हा मजकूर देणे अनिवार्य झाले, आणि त्या तीन-अक्षरी इंग्रजी संज्ञेतही भर पर्यायावरच आहे. म्हणून चित्राच्या जागी वाचला जाणारा एकदोन वाक्यांचा मजकूर तो ‘पर्यायी मजकूर’, आणि नकाशा, आलेख किंवा गुंतागुंतीची आकृती उलगडून सांगणारे लांब लेखन ते ‘चित्रवर्णन’, अशी वाटणी मला योग्य वाटते.

‘वर्णन’ या शब्दाचा आणखी एक धोका असा, की शाळेतल्या निबंधांमुळे तो उच्चारताच विशेषणे धावून येतात आणि सूर्यास्त ‘विलोभनीय’ होऊन बसतो. ‘या चित्रात असे दिसते की’ ही सुरुवातही व्यर्थ जाते, कारण तो मजकूर चित्राचा आहे हे पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणकप्रणाली) स्वतःच सांगतो.

खरी कसोटी मराठीच्या व्याकरणात आहे. पाठमोरी आकृती रस्ता ओलांडते आहे, हे लिहिताना ‘ओलांडणारा’ की ‘ओलांडणारी’ हे ठरवावेच लागते, आणि चित्र जे सांगत नाही ते लिहिणाऱ्याच्या लेखणीतून नकळत सांगितले जाते. येथे ‘व्यक्ती’ हा शब्द उपयोगी पडतो. तो स्त्रीलिंगी असला तरी ते लिंग शब्दाचे आहे, माणसाचे नव्हे. लहान वयासाठी ‘मूल’ आहेच. आदरार्थी बहुवचनाची अडचण याहून नाजूक आहे : ‘शिक्षक उभे आहेत’ असे लिहिले, तर फक्त ऐकणाऱ्याला शिक्षक एक की अनेक हे कळत नाही. तेथे ‘एक शिक्षक’ असा आकडा घालावाच, जरी छापील गद्यात तो अनावश्यक वाटला तरी.

‘चित्रओळ’ हा वृत्तपत्रीय शब्द या चर्चेत मिसळू नये. चित्रओळ चित्राखाली छापलेली असते आणि ती पाहणारे व ऐकणारे दोघेही वाचतात. तीच पर्यायी मजकूर म्हणून उतरवली, तर ऐकणाऱ्याला एकच वाक्य दोनदा ऐकावे लागते.

आता ‘सुलभ’. मूळ अर्थ ‘सहज मिळणारे’ असा असला तरी ‘सुलभ आवृत्ती’ म्हटल्यावर मराठी वाचक सोपी करून लिहिलेली आवृत्ती समजतो, आणि ‘सुगम’ला संगीताने हलकेफुलकेपणाची छटा दिली आहे. सुगम्य पुस्तकात आशय तसूभरही सोपा केलेला नसतो, फक्त त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी केलेली असते. म्हणून काहीसा पुस्तकी वाटला तरी ‘सुगम्य’ हाच शब्द मी पत्करीन.

उपप्रश्न : आपली वाटणी पटली. पण प्रकरणाच्या शेवटी केवळ शोभेसाठी वेलबुट्टी असते. तिच्याही जागी काही लिहावे का?

उत्तर : लिहू नये, पण जागा सोडावी. ‘रिकामा पर्यायी मजकूर’ आणि ‘पर्यायी मजकूर नसणे’ या दोन गोष्टी आपण बोलताना एकच समजतो. ‘ऑल्ट’पुढच्या अवतरणचिन्हांमध्ये काहीही न लिहिता ती जागा ठेवली, तर पडदावाचक वेलबुट्टी ओलांडून पुढे जातो. जागाच ठेवली नाही, तर तो काही वेळा चित्राच्या फाइलचे नावच वाचून दाखवतो. पहिल्या प्रकाराला ‘रिक्त पर्याय’ आणि दुसऱ्याला ‘पर्यायाचा अभाव’ म्हटल्यास मुद्रितशोधकाला नेमके काय तपासायचे ते कळेल.