मदत हवी आहे: ॲरिस्टोलोकिक ॲसिडची डीएनएवरची खूण दुरुस्त का होत नाही?

नमस्कार मंडळी,

ॲरिस्टोलोकिएसी कुळातल्या वनस्पतींमधल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिडबद्दल वाचते आहे आणि एका जागी अडकले आहे. कुणी जाणकार असेल तर कृपया समजावून सांगा.

इथवर कळलंय: शरीरातली एन्झाइम्स, मुख्यतः एनक्यूओ१, या रेणूचा नायट्रो गट क्षपित करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतात. त्यातून तयार होणारं क्रियाशील रूप डीएनएतल्या ॲडेनीन (ए) या बेसला जाऊन चिकटतं. पेशी विभाजनाआधी डीएनएची नक्कल होताना तिथे चुकीचा बेस बसतो आणि ए-टी (ॲडेनीन-थायमिन) जोडीच्या जागी टी-ए येते. या ॲसिडमुळे होणाऱ्या मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनीच्या कर्करोगात टीपी५३ या गाठी रोखणाऱ्या जनुकात नेमके हेच बदल सापडतात. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत चुकीची वनस्पती गेली, तेव्हा कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. काहींना पुढे कर्करोगही झाला. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असं कुणी म्हणालं की मला हेच आठवतं.

आता प्रश्न. हे बदल जनुकाच्या दोन धाग्यांपैकी न वाचल्या जाणाऱ्या धाग्यावर जास्त दिसतात. वाचल्या जाणाऱ्या धाग्यावर आरएनए पॉलिमरेज (जनुक वाचून आरएनए बनवणारं एन्झाइम) अडखळतं आणि दुरुस्ती होते, हे पटतं. पण संपूर्ण जीनोमवर फिरणारी दुरुस्ती यंत्रणा, म्हणजे एक्सपीसी हे बिघाड ओळखणारं प्रथिन वगैरे, एवढा मोठा चिकटलेला रेणू ओळखत कशी नाही? दुहेरी साखळी पुरेशी विस्कटत नाही, एवढंच कारण आहे का? यावर आकृत्यांसह समजावणारं काही वाचनीय असेल तर जरूर सुचवा.