बोटीने फिरताना कुठलं सिम? ५जीच्या जाहिराती सोडा, लो बँड बघा

किनारेकर:
मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) २०२० पासून चालू आहे, खाड्यांतल्या फेरीबोटी तर कधीपासूनच आहेत, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, आणि २०२५ मध्ये मुंबई-जयगड-विजयदुर्ग रो-रोची घोषणा झाल्यापासून आमच्या सगळ्या ग्रुपांवर एकच प्रश्न फिरतोय, समुद्रात कुठल्या कंपनीला रेंज येते. उत्तरं पण ठरलेली, आमच्याकडे अमुक फुल असतं, तमुक घेऊ नका. फुल कुठे असतं, घरात की पाण्यावर, हे कुणी विचारतच नाही.

माझं मत सांगतो. ५जी बघून सिम घेऊ नका. शहरात जे वेगवान ५जी मिळतं ते बहुतेक ३३०० मेगाहर्ट्झवर चालतं आणि ते लांब पल्ल्यासाठी नाहीच. पाण्यावर कामाला येतो तो १००० मेगाहर्ट्झच्या खालचा बँड (लहरींचा पट्टा), म्हणजेच लो बँड. जिओचं ४जी ८५० वर आहे आणि त्यांनी २०२२ च्या लिलावात ७०० पण घेतलं, व्हीआयकडे ९०० आहे, एअरटेलने २०२१ मध्ये देशभर १००० मेगाहर्ट्झखालचं स्पेक्ट्रम पुरं करून घेतलं, बीएसएनएलचं नवीन ४जी ७०० आणि २१०० वर आहे. म्हणजे प्रत्येकाकडे काही ना काही आहे, त्यामुळे भांडण कंपनीच्या नावावरून करण्यात अर्थ नाही, तुम्ही ज्या किनाऱ्याने जाणार तिथल्या समुद्राकडे तोंड असलेल्या टॉवरवर कुणाचा लो बँड चालू आहे एवढंच बघायचं. आणि बोटीने वरचेवर जाणाऱ्याने दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवायचीच, फोनमध्ये ५जी बंद करून. बोला.

रोज_मांडवा:
अजिबात पटलं नाही. तुम्ही कव्हरेज कव्हरेज करताय पण मुंबई बंदरात कव्हरेज हा प्रश्नच नाहीये. भाऊच्या धक्क्यावरून निघालं की चारी कांड्या असतात, अर्ध्या वाटेत पण असतात, आणि तरी व्हॉट्सॲपचा फोटो जात नाही. कारण तुमचा तोच लो बँड, त्याची रुंदी कमी, त्याच्यावर शहरातली एवढी माणसं आणि वर बोटीवरचे सगळे एकदम ऑनलाइन. मला रोज बोटीत बसून मीटिंग घ्यावी लागते, मला पल्ला नको, मला जागा असलेलं नेटवर्क पाहिजे, आणि ते मला त्याच ५जीवर मिळतं ज्याला तुम्ही बंद करायला सांगताय.

अजून एक, तुम्ही एक महत्त्वाची गोष्ट सोडली. मुंबई हे टेलिकॉमचं वेगळं सर्कल आहे आणि अलिबाग-मांडवा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. मधे कुठेतरी फोन एका सर्कलचं नेटवर्क सोडून दुसऱ्याचं पकडतो आणि चालू कॉल तिथेच कटतो. हे कंपनी बदलून जात नाही. त्या पट्ट्यात मी महत्त्वाचा कॉल लावतच नाही.

अँटेना:
रेडिओ प्लॅनिंगचं काम करतो म्हणून लिहितो, दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

समुद्रावर डोंगर-इमारती आड येत नाहीत, आड येते ती पृथ्वीची गोलाई. चाळीस मीटर उंच टॉवरचं रेडिओ क्षितिज, म्हणजे गोलाई आड येईपर्यंतचं अंतर, साधारण २६ किलोमीटर, बोटीवर फोन पाण्यापासून दोन मीटर वर धरला तर त्यात आणखी पाच-सहा किलोमीटर. तोच टॉवर शंभर-दीडशे मीटरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) असेल तर आकडा चाळीस-पन्नासच्या वर जातो. म्हणून बँडच्या आधी उंची बघा. रत्नागिरी, विजयदुर्ग बाजूला सडा थेट समुद्रावर येतो, तिथला एक टॉवर खाली पुळणीवरच्या तीन टॉवरांना भारी पडतो.

आता कांड्यांचं. कांड्या म्हणजे टॉवरचं तुम्हाला किती ऐकू येतं. तुमचं टॉवरला ऐकू जातं का हे त्या सांगत नाहीत. टॉवर दहा-वीस वॅटने बोलतो, तुमचा ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. म्हणून लांब गेल्यावर दोन कांड्या दिसतात आणि कॉल लागत नाही. शिवाय सेलची हद्द किती किलोमीटर ठेवायची हे कंपनी सेटिंगमध्ये ठरवते. ४जीत ती १०० किलोमीटरपर्यंत ताणता येते, पण नेहमीच्या सेटिंगवर साधारण १४ किलोमीटरच्या पलीकडचा फोन टॉवर आत घेतच नाही, भले सिग्नल पोचत असो. किनाऱ्यावरचे बरेचसे अँटेना गावाकडे वळवलेले आणि खाली झुकवलेले असतात, कारण गिऱ्हाईक गावात आहे, पाण्यात नाही.

आणि ५जी सरसकट बंद करा हा सल्ला मागे घ्या. जिओचं ७०० वरचं ५जी स्वतंत्र चालतं, त्याला ४जीचा आधार लागत नाही. जिथे ते चालू आहे तिथे ५जी बंद केलंत तर सगळ्यात लांब जाणारा बँड तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलात.

किनारेकर:
@अँटेना, ७०० चालू असेल तिथे ५जी ठेवा, मान्य, पण दापोली-गुहागर पट्ट्यात सामान्य माणसाला ते कळणार कसं? त्याला साधा नियम लागतो. आणि @रोज_मांडवा, तुमचा प्रवास तासाभराचा, तोही सतत मुंबईच्या नजरेसमोर. सगळ्या कोकण किनाऱ्याला मांडव्याची मोजपट्टी लावू नका हो. मुरुडच्या खाली गेलात की बोटीवर मीटिंग हा विषयच राहत नाही, तिथे "पोचलो" एवढा एसएमएस गेला तरी खूप असतं.

हर्णै बंदर:
आमची बोट आहे. घरातली माणसं आठ-आठ दिवस बाहेर असतात. इथे सगळे स्मार्टफोनवर बोलतायत म्हणून सांगतो, आमच्या तांडेलाकडे (बोट चालवणाऱ्याकडे) आजही बटणाचा २जी फोन असतो आणि तो उगाच नसतो. वीस-पंचवीस वाव खोल पाण्याच्या आसपास जिथे खलाशांच्या मोठ्या फोनवर नुसतं गोल फिरतं तिथे त्या डबड्यावरून आवाज येतो, तुटक येतो पण येतो. मग २जी सोडलेल्या कंपनीचं सिम बोटीवर पहिलं सिम म्हणून का घ्यायचं ते मला सांगा. तुमच्या लो बँडच्या यादीत २जीचं नावच नाही.

अँटेना:
@हर्णै बंदर, बरोबर बोललात आणि त्याला कारण आहे. ९०० चा २जी फोन २ वॅटपर्यंत ताकद लावतो, ४जीच्या दहापट. पण त्यालाही कुंपण आहे, २जीत टॉवर ३५ किलोमीटरच्या पुढचा फोन धरत नाही, खास सेटिंग केलं असेल तरच. जिओकडे २जी सुरुवातीपासूनच नाही, २०१६ ला ते थेट ४जीवरच आले. व्हीआय, एअरटेल, बीएसएनएल तिघांकडे आहे. फक्त आवाज पाहिजे असेल तर आजच्या घडीला पहिलं सिम २जीवालं हा तुमचा हिशेब बरोबर आहे.

दापोलीची:
मला या सगळ्यात एक गोष्ट खटकतेय, दोन सिम दोन सिम म्हणताना रिचार्ज कोण भरणार? जुलै २०२४ ला सगळ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून घरातलं दुसरं सिम जिवंत ठेवणं पण जड जातं. आमच्या आईबाबांसारखी माणसं वर्षातून एकदा वेसवी-बागमांडला नाहीतर दाभोळची फेरी ओलांडणार, दहा-पंधरा मिनिटांचं पाणी, तेवढ्यासाठी दुसरी कंपनी कशाला? खाडीत रेंज जाते ती डोंगर आडवा येतो म्हणून, पलीकडच्या धक्क्याला लागलं की परत येते. घराबाहेर ज्या कंपनीची रेंज येते तीच ठेवावी, बाकी वर्षभर ती घरीच लागणार आहे. ट्रायने (टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने) डिसेंबर २०२४ मध्ये नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक द्यायला लावलेत, ते तरी विचारून घ्या, दुकानदार स्वतःहून सांगत नाही.

देवबागवाला:
माका ह्या दोन सिमचा पटणा नाय. आम्ही पर्यटकांना बोटीने फिरवतो, सिंधुदुर्ग किल्ला, त्सुनामी आयलंड, स्कुबा. इथे माणसं अडतात ती कॉलला नाही, पैसे द्यायला. पाण्यातून बाहेर आले की ओल्या हाताने यूपीआय उघडतात आणि सीझनमध्ये सगळ्या कंपन्या एकदम बसलेल्या असतात, मग पाठीमागची बोट थांबून राहते. दोन सिमवाल्याचं पण तेच होतं कारण गर्दी दोन्हीकडे तीच. कॅश आणा हो, खरंच सांगतो. आणि कुठलं सिम ते गुगलला विचारू नका, ज्या धक्क्यावरून बसणार तिथल्या बोटवाल्याला विचारा, तो दिवसभर त्याच पाण्यात असतो, त्याला कुठल्या दगडापाशी कुणाची रेंज जाते ते पाठ असतं.

अँटेना:
दोन सिमबद्दल मलाही एक सांगायचंय, जे इथे कुणी बोललं नाही. दोन कंपन्या म्हणजे दोन टॉवर असं नसतं. लोखंडी मनोरा, वीज, बॅटरी, डिझेल हे सगळं टॉवर कंपनीचं असतं आणि एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना टांगलेले असतात. वीज गेली, बॅटरी उतरली, की तुमची दोन्ही सिम एकदम गेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात खांब पडले, वीज गेली, आणि पाठोपाठ नेटवर्क गेलं, सगळ्यांचंच. दुसरं सिम घ्यायचंच असेल तर आधी बघा की त्या किनाऱ्यावर त्या कंपनीचा मनोरा खरंच वेगळा आहे का. नवीन नियमांमुळे कंपन्यांनी आपापल्या साइटवर कव्हरेजचे नकाशे टाकलेत, ते बघा, पण जमिनीपुरतेच खरे माना. पाण्यावर नेटमॉन्स्टरसारखं ॲप लावून स्वतः बँड आणि सिग्नल बघा, सिग्नल उणे ११० डीबीएमच्या खाली गेलं की कॉलचा भरवसा सोडा.

किनारेकर:
ही माहिती चांगली आहे पण निष्कर्ष उलटा काढताय. मनोरे काही ठिकाणी एकच असतात म्हणून दुसरं सिम निरुपयोगी होत नाही, बाणकोट ते जयगड सगळा किनारा एका मनोऱ्यावर नाही चालत. मी माणसं बोटीवर घेऊन जातो, माझ्यावर त्यांची जबाबदारी असते. एक सिम मुकं पडल्यावर दुसऱ्यावरून घरी निरोप गेलाय हे मी पुष्कळदा बघितलंय. वर्षातून एकदा फेरी ओलांडणाऱ्या आजी-आजोबांना मी दुसरं सिम घ्या म्हणत नाहीये @दापोलीची ताई, मी वरचेवर जाणाऱ्यांबद्दल बोलतोय, आणि त्यांच्यासाठी तो खर्च बोटीच्या डिझेलपुढे काहीच नाही.

कवरत्ती_प्लॅन:
मधेच विचारतोय, आम्ही कोचीवरून जहाजाने लक्षद्वीपला जातोय, काय घेऊ?

अँटेना:
बेटांवर बीएसएनएल आणि एअरटेल चालतं, जानेवारी २०२४ ला कोचीपासून समुद्राखालची केबल सुरू झाल्यावर तिथलं इंटरनेट बरंच सुधारलंय. मधल्या समुद्रात कुणाचंच काही नाही, घरी आधीच सांगून ठेवा. आणि हे क्रूझवाल्यांसाठी पण, मोठ्या जहाजावर कधी कधी जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइटवरचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन ते रोमिंग म्हणून पकडतो आणि दर भयंकर असतात. किनारा सुटला की फ्लाइट मोड, लागलं तर जहाजाचं वायफाय.

हर्णै बंदर:
आता मला जे खरं बोलायचंय ते बोलतो. हा धागा वाचून कुणाला वाटेल की चांगलं सिम घेतलं की समुद्रात आपण सुरक्षित. नाही. फोन ही किनाऱ्याची वस्तू आहे. भिजला की संपला, बॅटरी उतरली की संपला, आणि कॉल लागला तरी समोरच्या एकालाच कळतं. वायरलेसवर १६ नंबर चॅनलला बोललं की आजूबाजूच्या सगळ्या बोटींना एकदम ऐकू जातं आणि समुद्रात आधी तीच बोट धावून येते, किनाऱ्यावरची नाही. आता तर इस्रोचे डॅट आहेत, म्हणजे उपग्रहावरून संकटाचा संदेश पाठवणारी यंत्रं, २०२४ ला आलेल्या नवीन डॅटमध्ये आपला संदेश पोचल्याचं उलट उत्तर पण येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला ट्रान्सपॉन्डरची (बोटीवर बसवायच्या उपग्रह यंत्राची) योजना सुरू झाली, त्यावरून रेंज नसताना पण मेसेज जातो. तुम्ही लोक माणसं घेऊन जाता तर सिमच्या आधी हे बसवा, लायसन्स काढा, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात पाहिजे, बाकावर नाही.

दापोलीची:
११२ तर कुठल्याही सिमवरून लागतो ना? मग सुरक्षिततेसाठी दुसरं सिम हा मुद्दा राहतोच कुठे.

अँटेना:
११२ साठी फोन मिळेल त्या कंपनीचं नेटवर्क वापरायचा प्रयत्न करतो, म्हणून "फक्त इमर्जन्सी कॉल" असं दिसतं. पण कोस्ट गार्डचा १५५४ फोनच्या लेखी साधा नंबर आहे, त्याला तुमच्याच सिमची रेंज लागते.

किनारेकर:
हेच तर. १५५४ लावायला स्वतःचं नेटवर्क लागतं म्हणून मी सिमवर एवढा भांडतोय. वायरलेस पाहिजेच, @हर्णै बंदर यांच्या एका शब्दाला माझा विरोध नाही, आमच्या बोटीवर बसवलेला आहे. पण भाड्याच्या बोटीत बसणारा पर्यटक वायरलेस घेऊन येत नाही, त्याच्याकडे फोनच असतो, आणि त्या फोनमध्ये काय असावं हा प्रश्न उरतोच.

हर्णै बंदर:
पर्यटकाने बोटीत चढण्याआधी नाखव्याला विचारावं, वायरलेस चालू आहे का, जॅकेटं किती आहेत. नाही म्हणाला तर चढू नये. त्याच्या खिशात कुठलं सिम आहे ते मग बघू.

देवबागवाला:
ह्या बरोबर. आणि विचारलेलं आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. विचारणारे फार थोडे असतात.

रोज_मांडवा:
जॅकेटचं मान्य. सिमचं मी अजून तिथेच आहे, बंदरात पल्ला नाही, गर्दी बघून कंपनी निवडा, आणि ती सकाळच्या बोटीला बघा, रविवारी दुपारी रिकाम्या बोटीत टेस्ट करून काही कळत नाही.

किनारेकर:
तुमच्या बंदरापुरतं ठेवा ते. १ ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठून बोटी बाहेर पडल्या की हर्णै ते जयगड कुठला बँड कुठपर्यंत धरतो ते इथेच टाकतो, बटणाच्या फोनसकट. बाणकोटच्या वरचं कुणी टाकणार असेल तर सांगा.