फॉलोअर मोजण्यापेक्षा संकलनं चाळा

नव्या चित्रकारांची कॉमिक्स जमवताना कोणाची निवडायची? सोशल मीडियावर कोणाचे फॉलोअर झपाट्याने वाढताहेत ते बघून घ्यावं, असं काही जण सुचवतात. मला हे अजिबात पटत नाही. फॉलोअर सुट्या चित्राला मिळतात. कॉमिक काढायला गोष्ट पानभर खेळवता यावी लागते. मी आधी सामूहिक संकलनं, म्हणजे अनेक चित्रकारांच्या छोट्या कॉमिक्सची एकत्र पुस्तकं, चाळतो. तिथे नवा चित्रकार आठ-दहा पानांतच कळतो. पान बघताना रंगांना भुलू नका. तोच चेहरा मान वळवल्यावर चौथ्या चौकटीत ओळखू येतो का? संवादाचे फुगे न अडखळता वाचले जातात का? हे जमलेलं दिसलं की मी बिनधास्त विकत घेतो.

जुनं कॉमिक घेताना आवृत्तीही तपासा. ओरिजित सेन यांच्या 'रिव्हर ऑफ स्टोरीज'चं उदाहरण घ्या. नर्मदा आंदोलनावरची ही चित्रकादंबरी १९९४ मध्ये 'कल्पवृक्ष' या पर्यावरण संस्थेने काढली. पुढे ती वर्षानुवर्षं मिळत नव्हती. २०२२ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने पुन्हा छापली. त्यामुळे 'पहिली आवृत्ती' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले, तर आवृत्तीचं पान उघडून बघाच.

मुंबई-कोकणातल्यांनी पावसाळ्यात कॉमिकच्या शिवणीतल्या पिना (स्टेपल) तपासत जा. मधली पिन गंजली की तांबूस डाग आतल्या पानांवर उतरतो आणि तिथेच कागद फाटतो. कॉमिक ठेवायला पीव्हीसी प्लास्टिकची पिशवी नको, पॉलिप्रॉपिलीनची घ्या, मागे आम्लमुक्त पुठ्ठा. आणि शक्यतो कॉमिक मेळाव्यात चित्रकाराच्या स्वतःच्या टेबलावरूनच खरेदी करा. पैसे थेट त्याच्या हातात जातात, पुढच्या अंकाची छपाई त्यातूनच होते.