मदत हवी आहे: शर्यतीतली घोडी अंगाला हात लावू देत नाही

चिक्कोडी तालुका. घोडी सहा-सात वर्षांची, गाडीच्या शर्यतीत पळवलेली. ओठांच्या कोपऱ्यात काटेरी लगामाचे जुने वण, उजव्या पुठ्ठ्यावर चाबकाचे. हात वर गेला की डोकं झटकते, पुठ्ठ्याकडे नेला की लाथ. दाणा-वैरण नीट खाते. हलक्या हाताच्या मसाजाने घोडं सावरतं म्हणतात. सुरुवात कुठून करायची?

खरारा:
आधी दुखणं आहे का ते बघा, भीती नंतर. दातांच्या धारा, पाठ, खूर डॉक्टरांकडून तपासून घ्या. दाढेची धार गालाला लागत असेल तर कितीही चोळा, डोकं झटकणारच. ताप (३८.५ अंश सेल्सियसच्या वर), सूज, उघडी जखम किंवा नायटा असेल तर मसाज नको.

आगाडी-पिछाडी (पुढून-मागून दोर) बांधून अजिबात करू नका. पळायची वाट बंद झाली की घोडं लाथच मारतं. दोर दुसऱ्या माणसाच्या हातात सैल ठेवा, पण मनगटाला गुंडाळायचा नाही. शहाबादी फरशीवर नाल घसरतात. मुरमाच्या जागेत उभी करा.

डाव्या खांद्याशी तिरके उभे राहा. पालथा हात आधी खांद्यावर, मग आयाळ संपते त्या उंचवट्यावर. घोडी एकमेकींना तिथंच खाजवतात, आणि तिथं खाजवलं की नाडी उतरते हे १९९३ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. दोन-तीन मिनिटं बोटांनी खाजवा, मग तळहात हळूहळू पाठीवरून मागे. दाब पापणीवर बोट ठेवाल तेवढाच.

श्वास रोखला, कातडी थरथरली, शेपूट दाबली, की हात तिथंच थांबवा. दाब काढून घ्या, पण हात झटकन उचलू नका. लाथेनंतर हात गेला तर लाथ मारली की सुटका होते हे ती शिकते. म्हणून लाथेच्या आधीची खूण ओळखायची आणि तिथूनच उंचवट्याकडे परत यायचं. डोळे मिचकावणं, मान खाली सोडणं, ओठ चाटणं, फुरफुरणं दिसलं की सैल पडतेय समजा.

दहा मिनिटं पुरेत. उजवा पुठ्ठा सगळ्यात शेवटी, कदाचित कित्येक आठवड्यांनी.

सीमाभाग_पशू:
हरभऱ्याचं आमिष दाखवून करू नका. तोंड चालू असलं की ते चघळणं खाण्याचं की सैल पडण्याचं, कळत नाही. आणि जांभयांवर जांभया देत कुशीकडे वळून बघत असेल, पाय आपटत असेल, तर तो आराम नव्हे, पोटशूळ असू शकतो. लगेच डॉक्टर.

धागाकर्ता:
गोल चोळायचं असतं म्हणे, ते?

खरारा:
ती घोड्यांच्या प्रशिक्षक लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांची टीटच पद्धत. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत, कातडीच हलवायची: सव्वा वर्तुळ, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, मग थांबून पुढची जागा. खांद्यावर करा की, पण तोंडाजवळ इतक्यात नको. आणि तो काटेरी लगाम घरात असेल तर मोडीत घाला; गाडी ओढणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांचा छळ रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनुसार तो वापरायला बंदीच आहे.